साहेबांच्या वतीने

हॉलच्या दारात टेबल मांडून बसलेल्या म्हाताऱ्याने नाव विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं, "साहेब आलेले नाहीत. मी आलेय." म्हातारा नुसतंच "या वहिनी" म्हणाला. तिने पर्समधला नवऱ्याचा फोन चाचपला. आत गेल्यावर काय बोलायचं ते तिने बसमध्येच घोकून ठेवलं होतं.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते आणि त्याच्या कॉलेजच्या वर्गमित्रांना याचा पत्ताही नव्हता. आधी कळवायचं राहून गेलं होतं. मग तो गेल्याच्या आठव्या दिवशी त्याचा फोन वाजला. 'सदाबहार ७४' नावाचा ग्रुप. बहार कसली डोंबलाची! सगळे सत्तरी ओलांडलेले. "काय साहेब, आहेस का गेलास?" असं भोंग्याने विचारलं होतं आणि खाली दात काढणारी तीन तोंडं चिकटवली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या भरात तिने लिहिलं, 'आहे.' कुणालातरी शंका येईल म्हणून ती वाट बघत बसली. दहा अंगठे आले, शंका एकालाही आली नाही.

भोंगा हा ग्रुपचा म्होरक्या, मोठ्या आवाजावरून कॉलेजात पडलेलं नाव. इंजिनिअर होऊन जन्मभर नळाच्या तोट्या विकल्या, असं म्हणून नवरा त्याला हसायचा. स्वतः मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेला. वर्गात एकच हुशार मुलगा होता, आणि तो कोण हे विचारायची सोय नव्हती. गेट-टुगेदरला तो कधीच गेला नाही. "हातापाया पडतात माझ्या," म्हणायचा, "पण त्या गाळात कोण जातं?" तिलाही ते पटायचं. नवऱ्याचं मत तेच आपलं मत, असाच तिचा चव्वेचाळीस वर्षांचा संसार.

आता तर रोज पुरावाच मिळत होता. मोतीबिंदू काढला, टाक फोटो. नातू रांगला, टाक फोटो. कुणाची कवळी हरवली आणि फ्रीजमध्ये सापडली, त्यावर दोन दिवस चर्चा. ती नाक मुरडत वाचायची आणि साहेबांच्या वतीने उत्तरं द्यायची. 'बरं.' 'छान.' मधूनमधून तोंडदेखली विचारपूसही करायची. या ठोंब्यांना काय कळणार, म्हणायची. सकाळी चूळ भरायच्या आधी ती फोन उघडायची. एखाद्या दिवशी कुणीच काही पाठवलं नाही, की मात्र तिला करमायचं नाही.

मग भोंग्याचा वेगळा मेसेज आला. 'गेट-टुगेदर ठरलंय. यायलाच हवं. वहिनींना घेऊन ये.' तेव्हाच तिने ठरवलं, जायचं आणि भर सभेत एकेकाची लाज काढायची. मग ग्रुप गेला खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय वाचायचं, असंही मनात आलं होतं. ते तिने झटकून टाकलं.

आत पांढऱ्या डोक्यांची नुसती गर्दी. खुर्च्यांना काठ्या टेकवलेल्या. एक जण कानातलं यंत्र काढून त्यावर फुंकर मारत होता. भोंगा पुढे आला. "वहिनी आल्या रे!" असा ओरडला की यंत्रवालाही दचकला.

"थांबा," ती म्हणाली. "हे आठ महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून तुमच्याशी मी बोलतेय. एकाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला? हे तुम्हाला गाढवं म्हणायचे ते काही उगाच नाही."

पण कुणाला धक्का बसलेला दिसेना. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी हातांकडे.

"कळलं होतं, वहिनी," भोंगा म्हणाला. इतक्या हळू बोलता येतं या माणसाला? "तुम्ही लिहायला लागलात त्याच आठवड्यात. माझा गुडघा बदलला, तर तुम्ही विचारलंत, चढताना जास्त दुखतो का उतरताना. त्याने पन्नास वर्षांत मला 'बरा आहेस का' म्हणून विचारलं नव्हतं. मग तुमच्या शेजाऱ्यांना फोन केला."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं."

खुर्ची धरून ती खाली बसली. घोकलेलं सगळं बोलून झालं होतं, राग मात्र तेवढाच होता. आता तो कुणावर काढायचा ते तिला कळेना.

"मेल्या माणसाला बोलावणं पाठवता? थट्टा आहे का ही?"

भोंग्याने बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीच मदतीला येईना. मग तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बोलावणं तुम्हाला होतं," तो म्हणाला. "त्याला आम्ही आजवर एकदाही बोलावलं नव्हतं, वहिनी."