सत्तेचाळीस पावलं

सत्तेचाळीस. अब्दुल गनी पलीकडच्या काठाला टेकला आणि आकडा पुन्हा ओठांत घोळवला. गेल्या उन्हाळ्यात हीच नदी अडतीस पावलांत संपली होती.

बेलाडी नदी इथं विळ्यासारखी वळते. पावसाळाभर माती खाते, मग पाणी आटलं की ओली रेती अंगावर घेऊन मुकाट पडून राहते. वाढलेली नऊ पावलं तिनं कोणाच्या शेतातली खाल्ली, हे गनीला कोणाला विचारायची गरज नव्हती. या काठावर किसनसिंगनं बेशरमची झुडपं दाट लावली होती. धार तिथं अडणार आणि समोर गनीच्या तुरीत घुसणार. तलाठ्याला द्यायचा तक्रारीचा अर्ज खिशात तयार होता. फक्त आकड्याची जागा कोरी होती.

"लईच मांगं लागले नदीच्या, गनीभाई," झुडपं छाटता छाटता किसनसिंग म्हणाला.

"हे बेशरम कायले लावलं तू?"

"काठ धरून ठेवते. अन् माह्यासारखंच हाय, कोणी उपटत नाही."

"तुझा काठ राह्यला. माझा गेला तं जाऊ दे!"

"किती भरली?"

"सत्तेचाळीस."

कोयता खाली ठेवून किसनसिंग नदीत उतरला आणि ताडताड चालत गेला. समोरून ओरडला, "तीस!"

मुद्दाम ढांगा टाकते चोर, गनी मनात म्हणाला.

परत येताना मात्र किसनसिंग सावकाश आला, खाली रेतीकडे पाहत. काठ चढला तेव्हा तोंडावरची थट्टा गेली होती.

"तुमचंच बरोबर असन, गनीभाई. लिहा सत्तेचाळीस."

हा एवढ्यात कसा वाकला? यात नक्की काही डाव आहे. किसनसिंग जिथं पाहत आला होता, तिथं गनीनं पाहिलं.

ओल्या रेतीत पावलांच्या रांगा उमटल्या होत्या. किसनसिंगची पावलं ऐसपैस, लांब लांब. शेजारी गनीची. दोन पावलांमध्ये वीतभरही जागा नव्हती, आणि प्रत्येक उजव्या पावलामागे फरफटल्याची रेघ होती.

किसनसिंग पाठ फिरवून पुन्हा झुडपं छाटू लागला होता.

घरी जायला तीच नदी ओलांडायची होती. गनीनं पहिलं पाऊल लांब टाकलं.