दुकानातली काडतुसं

वीस वर्षांत व्हर्लिनने पिस्तुलाची नवी काडतुसं कधी विकत घेतली नव्हती. नेमबाजीच्या मैदानावर तो लोकांच्यासुद्धा रिकाम्या पुंगळ्या वाकून वाकून वेचायचा आणि गॅरेजात बसून त्यांत पुन्हा दारू भरून गोळी बसवायचा.

"निम्मा खर्च वाचतो, डोरीन," म्हणायचा.

"हो, म्हणून दुप्पट उडवतोस," मी म्हणायचे.

आमच्या मुलाला, डेरिलला, पुरून आलो तेव्हापासून मात्र तो गॅरेजात गेला नव्हता, घराबाहेरही पडला नव्हता. आज दुपारी आपणहून ट्रक काढून गावात गेला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या आवडीचा मक्याचा ब्रेड भाजायला टाकला. परतला तो हातात काडतुसांची कोरी पेटी घेऊन.

"अगं बाई! लॉटरी लागली की काय रे, चिक्कू?"

तो हसला नाही. "घरी भरलेलं एखादं ऐन वेळी फुसकं निघतं," तो खाली बघत म्हणाला. "या वेळी तसं व्हायला नको."

मी पुढे होऊन पेटी दोन्ही हातांनी धरली. त्याने ती सोडली नाही.