किटली उतरवायची नाही

जनकाबाई टोपली घेऊन ओसरीवर चढली तेव्हा निवृत्तीआबा दारातच उभे होते. टोपलीवर धुतलेलं फडकं झाकलेलं होतं. आतून पिठल्याचा वास येत होता.

"काय हाय ते?"

"काही नाही भाऊ. तुमच्या घरी सकाळपासून चूल पेटली नाही असं समजलं. म्हटलं, घासभर..."

पुढचं तिनं गिळलं, कारण आबांचा चेहरा तिनं आत्ता नीट पाहिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकर आणून देतात. त्याला कडू घास म्हणतात. वडनेरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"जनकाबाई, माही नात मेली म्हणून तुले कोनं सांगतलं?"

"अगाई! तसं नाही हो भाऊ. टीव्हीवर..."

"टीव्हीवाले विमान सापडत नाही म्हणून राह्यले. पडलं म्हणून कोनी म्हटलं काय? ने ते परत."

जनकाबाई आल्या पावली गेली. तिचं मन वाईट नव्हतं, घाई वाईट होती.

सकाळी नीरजाच्या नौदल तळावरून फोन आला होता. समुद्रावर गस्तीला गेलेल्या विमानाशी संपर्क तुटलाय, नीरजा त्याच विमानात आहे, शोध चालू आहे. त्यानंतर काही नाही. तिचा बाप गोकुळ तेव्हापासून गच्चीवर फोन लावत उभा होता. तिची आई पुष्पांजली स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती.

"पुष्पा, शेगडी पेटव," आबा आत येऊन म्हणाले.

ती हलली नाही.

"एकाहत्तरच्या लढाईत आमच्या तळावर..."

"बस करा मामाजी!" आजवर सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. "ह्याच गोष्टी सांगू सांगू तुम्ही तिले तिकडं धाडलं. इमान अन् पाणबुडी, पाणबुडी अन् इमान! गावातल्या पोरी नर्स झाल्या, मास्तरणी झाल्या. माहीच पोरगी काऊन पाण्यावर उडाले गेली?"

खरंच होतं ते. आबांना वाटलं, इथंच खाली बसावं आणि पुन्हा उठूच नये. ते बसले नाहीत.

"हाव, मीच धाडलं," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, शेगडी पेटव."

पुढची गोष्ट पुष्पांजलीला पाठ होती. भिंतीपलीकडून तिनं ती किती वर्षं ऐकली होती. आबा विमानांचे मेकॅनिक. शत्रूच्या पाणबुड्या शोधायला विमान निघालं, की खाली राहिलेले मेकॅनिक त्यातल्या माणसांसाठी स्टोव्हवर चहाची किटली चढवायचे. विमान उतरल्याशिवाय किटली उतरवायची नाही. आटलं तर पाणी घालायचं. एकदा एका विमानाला फार उशीर झाला. साहेब म्हणाले, निवृत्ती, बंद कर आता तो स्टोव्ह. निवृत्तीनं किटलीत पाणी घातलं. गोष्ट इथंच संपायची. तोवर नीरजा झोपलेली असायची.

पुष्पांजली उठली. शेगडी पेटवून तिनं तवा ठेवला आणि परातीत पीठ काढलं. पहिली भाकर थापतानाच फाटली. तिनं गोळा मोडून पुन्हा मळला.

वर फोन वाजला. दोघांनी जिन्याकडे पाहिलं.

"नाही आत्या," गोकुळचा आवाज आला. "अजून काही नाही समजलं. ठेव तू फोन, लाईन मोकळी राहू दे."

पुष्पांजलीनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग मान न वळवता तिनं विचारलं,

"मामाजी, ते इमान आलं होतं काय?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं. आबांच्या जिभेवर ते आलंही होतं.

"नाही," ते म्हणाले. "पण किटली म्या नाही उतरवली."

पुष्पांजलीचा हात परातीतच थांबला. तव्यावरच्या भाकरीची कड करपायला लागली. तिनं पदरानं डोळे पुसले, भाकर उलटली आणि डब्यातून आणखी एक मूठ पीठ घेतलं.

"नीरजाले पातळ भाकर लागते," ती म्हणाली आणि थापू लागली.