गेमच्या डब्यातली भाकरी

तिसराही व्हिडिओ भाकरीचाच निघाला, तेव्हा कोंडाबाईनं टीव्हीचा आवाज बंद केला.

पीठ किती घ्यायचं, पाणी कसं सोडायचं, भाकरी कधी उलटायची. टीव्हीतली बाई लहान लेकराला सांगावं तसं सांगत होती. बाईच्या जातीला भाकरी शिकायला व्हिडिओ लागतो, असलं काही कोंडाबाईनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती, पण परकर नेसायच्या वयात तिची भाकरी टम्म फुगत होती.

घरातल्या कॉम्प्युटरचं पोट केव्हाच भरलं होतं. म्हणून लेकानं, उत्तरेश्वरनं, तो घरच्या वायफायवरून आपल्या गेमच्या डब्याला जोडून दिला होता. डबा बसायच्या खोलीत, टीव्हीखाली. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर कुणी काहीही डाउनलोड केलं, की ते थेट ह्या डब्यात येऊन पडायचं. लेक क्रिकेटचा गेम लावताना कोणती बटणं दाबतो, ते कोंडाबाईनं गुपचूप बघून ठेवलं होतं. दुपारी सगळे पांगले की ती डबा उघडायची. सून सोनाली शिवणकाम करायची; तिनं उतरवलेले ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने कोंडाबाईला पाठ झाले होते. आपल्या घरात मुंगी शिरली तरी आपल्याला कळतं, असा तिचा तोरा होता.

आज त्या नमुन्यांच्या मधेच भाकरी निघाली. मग खिचडी. मग कुकरला शिट्ट्या किती द्यायच्या ते. आणि शेवटी फोटो: एक खोली, कोपऱ्यात मोरी, ओट्यावर छोटा गॅस. खिडकीतून येडशी स्टेशनची पाटी दिसत होती.

कोंडाबाईच्या हातातला रिमोट मांडीवर पडला. उत्तरेश्वर दुधाची गाडी घेऊन येडशीपर्यंत जायचा. म्हणजे सून वेगळं निघायला बघत होती, तेही कोंडाबाईच्या एकुलत्या एका लेकाला घेऊन. आणि एरवी चिरा पडलेल्या भाकऱ्या वाढणारी ती, नवऱ्यासाठी आता चोरून शिकत होती. त्यांच्या ईट गावात भावकीतल्या घराघरांत चुली वेगळ्या झाल्या होत्या. कोंडाबाईच्या घरात अजून एकच होती, आणि त्या एका चुलीच्या जोरावर ती चारचौघींत मान ताठ करून बसायची.

नवऱ्याला, रामहरीला, तिनं काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? सकाळी कॉम्प्युटरवर पेपर वाचायचा आणि दिवसभर गप्प बसायचं, एवढंच त्याला जमायचं. उभ्या हयातीत पाण्याचा तांब्या हातानं न घेतलेला माणूस. हल्ली तर थंडीचं निमित्त करून सून भाकरी थापताना चुलीपाशी फतकल मारून बसायचा. बायकांत काय बसता, शोभतं का, म्हणून तिनं कालच त्याला तिथून उठवलं होतं.

संध्याकाळी ताटं वाढली गेली, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"वेगळं निघायचं तर तोंडावर सांगा. चोरून भाकरी कशाला शिकता?"

सोनालीचा हात परातीतच थांबला. कोंडाबाईनं येडशीची खोली, मोरी, गॅस एकेक करून बाहेर काढलं. जाता जाता सुनेच्या माहेराचाही उद्धार केला. उत्तरेश्वर आधी नुसता बघतच राहिला, मग असली खोली आपण डोळ्यांनी बघितली नाही म्हणून त्यानं शपथ घेतली.

"आत्या," सोनाली म्हणाली, "रोज तुमच्या ताटात भाकरी येती ती कोण थापतं? मी कशाला शिकू?"

"मग काय भुतानं उतरवलं?"

रामहरीनं ताटातला हात मागं घेतला आणि घसा खाकरला. आता तरी लेकाला चार शब्द सुनावतील, म्हणून कोंडाबाई पदर सावरून बसली.

"पोरांना बोलू नको," तो म्हणाला. "ते म्या उतरवलंय."

"तुमी? आन् ते कशाला?"

"खिचडी जमती आता. भाकरी अजून मोडती, पण जमंल." त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "ही दोघं कुठं जात न्हाईत. तूबी ऱ्हा हितंच. वेगळा म्या निघतोय."