गोल कॉलर

२०१६ साली, शाळा उघडायला आठवडा उरला होता आणि गणवेश शिवणाऱ्या मावशींना मान वर करायला फुरसत नव्हती. भर दुपारी त्यांची तेरा वर्षांची लेक दुकानातल्या आरशासमोर तिसऱ्यांदा वेणी घालत होती.

"कुठे स्वारी?"

"मैत्रिणीकडे."

"कुठली गं? कधी बोलली नाहीस."

"ऑनलाइन ओळख झाली. चिमणी म्हणतात तिला. पाच वाजता तिचे काका बागेच्या फाटकापाशी गाडी घेऊन येणार आहेत." मग घाईने म्हणाली, "मुलगीच आहे, आई. हा बघ फोटो."

मावशींनी मशीनवरचा पाय काढला, चष्मा पुसला. फोटोत दोन वेण्यांची एक मुलगी गोल कॉलरच्या गणवेशात हसत होती.

"कितवीत आहे ही?"

"आठवीत. नदीपलीकडच्या शाळेत."

"त्या शाळेने गोल कॉलर सोडून दहा वर्षं झाली."

"आई, तुला माणसं दिसतच नाहीत. नुसते कपडे दिसतात."

"मग कपडेच बघू दे. फोटो मोठा कर." मावशी वाकल्या. "हा डावा खांदा बघ. उतरता होता, म्हणून आतून मी कापडाची गादी घातली होती. हा सदरा माझ्या हातचा. आणि ही पोरगी आता दवाखान्यात नर्स आहे. मागच्याच महिन्यात बाळासाठी झबली शिवून नेली तिने."

लेकीच्या हातातली वेणी सुटली. "मग तीन महिने माझ्याशी कोण बोलतंय?"

मावशींनी तिला स्टुलावर बसवलं. लेकीने सगळं सांगितलं. चिमणी म्हणवणाऱ्याने काय विचारलं, काय मागितलं, आईला सांगू नकोस असं किती वेळा बजावलं. फोनमधलं पुसायला तिने बोट नेलं, तेव्हा मावशींनी हात धरला.

"एक अक्षर पुसायचं नाही."

"मी किती मूर्ख आहे."

"तू कशाला? मूर्ख तो. शिंप्याच्या पोरीला जुनं कापड नवं म्हणून विकायला निघाला."

लेक रडता रडता हसली. मावशींनी अर्धी बाही मशीनवरच सोडली आणि नर्सला फोन लावला. ती आली तशा तिघी थेट पोलीस चौकीत गेल्या.

पाच वाजता बागेच्या फाटकाशी करड्या रंगाची गाडी थांबली. आत पन्नाशीचा एकटाच माणूस. नर्सने काचेवर टकटक केली.

"कोण हवंय?" त्याने विचारलं.

तिने मोबाइलमधला तो फोटो आपल्या गालाला लावून धरला. "माझाच फोटो वापरता, आणि मलाच ओळखत नाही?"

त्याने किल्लीकडे हात नेला. पण पलीकडच्या उघड्या खिडकीतून साध्या वेशातल्या हवालदाराने ती आधीच काढून घेतली होती.

त्या माणसाच्या फोनमध्ये आणखी अकरा मुली सापडल्या. अकराही आपापल्या घरी सुखरूप होत्या. तो तुरुंगात गेला. नर्स पुढे आपल्या दवाखान्याची मुख्य परिचारिका झाली. लेक वकिली शिकली, आणि असल्या माणसांविरुद्धचे खटले मुद्दाम मागून घेते.

मावशींचं शिवणकाम सुटलं, नजर अधू झाली. तरी गल्लीतल्या पोरी अजून दुकानात येतात, पडदा ओढतात आणि मोबाइल पुढे करतात.

"मला दिसत नाही गं आता," मावशी म्हणतात. "तू सांग. मी ऐकते."