बेटावरची सवत

“हाच?” काकूंनी विचारलं.

“हाच,” वाट दाखवायला आलेली बाई म्हणाली. “बेटावर दुसरा नाही.”

काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. जेमतेम दीड पुरुष उंचीचा धबधबा. खाली चार-पाच माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढा डोह. ह्याच्यापायी चाळीस वर्षं त्यांचे कान किटले होते!

लग्न झालं तेव्हा काका ह्याच बेटावरच्या दीपगृहात दिवा सांभाळायला होते. बायकामुलांना आणायची परवानगी नव्हती. सहा महिन्यांतून एकदा पंधरा दिवसांची रजा, बाकी सगळा संसार पत्रांतून. आणि पत्रांत काय, तर धबधबा. दर रविवारी तिथे जातो, मनसोक्त डुंबतो, आणखी काय पाहिजे माणसाला! इकडे काकू एका खोलीत दोन मुली आणि शिवणयंत्र सांभाळत होत्या. ते ‘आणखी काय पाहिजे’ त्यांच्या जिव्हारी लागलं. पाच वर्षांनी बेट सुटलं, पण धबधबा काही सुटला नाही. पाहुणे आले की धबधबा, नळाचं पाणी गेलं की धबधबा. “माझी सवतच ती,” काकू मैत्रिणींना हसून सांगायच्या. हसू वरवरचं होतं. आपल्यावाचून हा माणूस सुखात होता, हे त्यांना आजतागायत पचलं नव्हतं.

म्हणून तर त्या आल्या होत्या, सवतीचं तोंड बघायला. काकांच्या गुडघ्यांनी धक्क्यावरच संप पुकारला. “तू जाऊन ये,” ते म्हणाले होते.

काकूंनी डोहात पाय घातला आणि “आई गं!” म्हणून मागे घेतला. मग हट्टाने अंगावरच्या कपड्यांनिशी आत उतरल्या आणि धारेखाली जाऊन बसल्या. दातावर दात वाजायला लागले. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखीच झोंबलं.

“आमचे हे दर रविवारी यायचे इथे,” केस पंच्यात गुंडाळत त्या म्हणाल्या. “दीपगृहात होते ना.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “दिव्यावरचे? ते कसे येतील, काकू? दोघंच असायचे, एक झोपला की दुसरा जागा. दिवा नजरेआड होईल इतकं लांब जायचंच नाही, असा नियम होता. ही तर डोंगराची पलीकडची बाजू. त्यांना प्यायला इथलं गोडं पाणी माझी आई नेऊन द्यायची. एक जण तिला रोज खोदून खोदून विचारायचा, धबधबा केवढा आहे, तिथे बसलं की काय दिसतं. आई म्हणायची, वेडंच आहे बिचारं.”

डोंगर उतरताना काकूंचं डोकं भणभणत होतं. पाच वर्षांची पत्रं, आणि एकूण एक थाप! आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून त्या धक्क्यावर पोचल्या.

काका बाकावर डोंगराकडे तोंड करून बसले होते. ओल्याचिंब काकूंना बघून ते उठायला गेले, पण उठवलं नाही. काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

“गार असतं का गं तिथलं पाणी?” चाळीस वर्षं काय सांगत आलो, ह्याचं त्यांना भानच राहिलं नव्हतं. “दिव्यापर्यंत डबा यायचा, तोवर तापलेलं असायचं.”

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस इथे एक दिवससुद्धा सुखात नव्हता. बायकोने काळजी करू नये, म्हणून दर आठवड्याला कागदावर डुंबत होता.

त्या शेजारी बसल्या. डोक्याचा ओला पंचा सोडला आणि त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

“बघा तुम्हीच,” त्या म्हणाल्या.