पांढऱ्या साडीतला चेहरा

“पांढरं दिसलं का कॅमेरा घाबरते. तू घाबरू नको वं.” भैयाजींचं हे सांगणं मेघाच्या कानात अजून ताजं होतं. लकडगंजातला स्टुडिओ तिच्या हाती सोपवून तिचे हे गुरू गेले, त्याला चार वर्षं झाली होती.

समोर स्टुलावर कांताबाई बसल्या होत्या. साठी उलटलेली सावळी बाई, विहारात जाताना नेसतात तशी कोरी पांढरी साडी. सोबत लेक करिष्मा.

“माझा आजवर एक फोटो धड नाही आला, पोरी,” कांताबाई म्हणाल्या. “एकात काळीठिक्कर. दुसऱ्यात एवढी गोरी केली का मीच विचारलं, हे कोण होय? हा भिंतीवर लागन. घरी येणाऱ्यानं मले ओळखलं पाहिजे.”

हाराखालचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवणाऱ्या बायका तिला नवीन नव्हत्या. निदान हा तरी खरा यावा, तिने देवाला विनवलं.

पहिल्या फोटोत साडी राखाडी झाली आणि चेहरा अंधारात बुडाला.

“आली ना काळी!” कांताबाईंचा चेहरा पडला.

“तू एवढी हसून राहिली का कॅमेरा लाजला,” करिष्मा म्हणाली.

मेघाने पिवळा दिवा बंद केला. कांताबाईंच्या हनुवटीखाली राखाडी कार्ड धरून रंग जुळवला. मग कॅमेऱ्याचं न ऐकता त्याची चकती दीड घर पुढे फिरवून उजेड वाढवला. त्याहून जास्त वाढवला असता तर साडीच्या चुण्या पुसल्या गेल्या असत्या.

दुसऱ्या फोटोत साडी दुधासारखी आली, चुणी न् चुणी दिसली. चेहरा काकवीच्या रंगाचा, डोळ्यांभोवती हसण्याच्या रेघा.

“माय वं! हे त मीच होय!”

मेघाचे डोळे भरले. “मावशी, तुम्ही शंभर वर्षं जगा. भिंतीवर लावायची काही घाई नाही.”

“काहून नाही? आजच लागते,” करिष्मा खिदळली.

तेवढ्यात दारात पांढऱ्या सदऱ्यातले पासष्टीचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले.

“चला जी. आपल्या घरी फोटोसाठी खिळा ठोकून ठेवला, अन् विहारात भन्तेजी वाट पाहून राहिले. बाराचा शब्द दिला होता तुम्ही.”

“मोडीन का मी?” कांताबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, लेकीचा हात धरला आणि स्वतःच्या लग्नाला निघाल्या.